पुढची तार

"फ्यूज शाबूत आहे," वायरमन म्हणाला आणि तो त्याने तिच्या तळहातावर ठेवला.

तिने मूठ मिटली. एक शक्यता संपली होती. अजून दिव्याचे रिले, होल्डर आणि बल्ब बाकी होते.

गाडी गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागून उभी होती. टप दबलेला, डावा दिवा नाहीसा झालेला, उजवा मात्र काचेसकट टिकलेला. उद्या सकाळी भंगारवाला ती उचलून नेणार होता. तसं भावाने परस्परच ठरवून टाकलं होतं. पंधरा दिवसांत तो तिच्याशी एकच वाक्य धड बोलला होता. "तुझ्या बल्बांनी घात केला." तेही शांतपणे. ओरडला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

बल्ब तिनेच दिले होते. वडील घड्याळजी. चाळीस वर्षं भिंगातून बारीक चाकं न्याहाळून डोळे अधू झालेले. दिवस कलला की रस्ता धुरकट दिसतो म्हणायचे, पण स्टिअरिंग सोडायचं नाव नाही. म्हणून तिने साठच्या जागी शंभर वॅटचे बल्ब आणले. वायरमन तेव्हाच कुरकुरला होता. गाडी जुनी, वायरिंग जुनं, भार झेपायचा नाही, होल्डर वितळून दिवे जातील. वडिलांनी त्याचं काही चालू दिलं नाही. "पोरीने आणलेत. तुला काय रिले-बिले लावायचे ते लाव, पण हेच बसव."

तीन आठवड्यांनी, दिवेलागणीला, चढाच्या अलीकडे गाडी खडीच्या ढिगावर गेली आणि उलटली; वडील जागीच गेले. चढाच्या पलीकडून ती स्कूटरवर त्यांच्याकडेच येत होती. माथ्यावर पोचली तर खाली अंधारात चाकं वर झालेली गाडी. समोरून उजेडाची तिरीपही दिसली नाही, असा जबाब तिनेच पोलिसांना दिला होता. सही करताना तिला कळत होतं, ही सही आपण आपल्याच विरुद्ध करतोय. वायरमनला यातलं तिने काही सांगितलं नव्हतं. कुणीतरी जबाब दिलाय, एवढंच त्याच्या कानावर होतं.

तो बॉनेटमध्ये वाकला.

"बॅटरीची पकड मोडलीय. आपटल्यावर निघाली. म्हणजे उलटल्यानंतरचा अंधार हिचा. त्याआधी दिवे होते की नव्हते, ते आत बघायला लागेल." त्याने दुसरी बॅटरी आणायला माणूस पाठवला आणि दाराकडे मान वळवली. "तोवर तुमच्या स्कूटरचा दिवा सरळ करून देऊ का? आभाळात बघतोय."

"राहू दे, काका. बाबा म्हणायचे, चांदण्या मोजतो. कुठल्याही चढापलीकडून तूच येतेस हे कळतं."

तो पुन्हा बॉनेटमध्ये वाकला. उत्तर त्यालाही हवं होतं. बल्ब तिचे असले तरी बसवणारे हात त्याचे होते.

बॅटरी जोडली. रिले टक्‌ करून वाजला; तोही शाबूत. त्याने दिव्यामागचं रबर काढलं, होल्डर ओढून बाहेर घेतला. तिने मान फिरवली.

"बघा तरी. पांढराशुभ्र आहे. वितळणं सोडा, पिवळासुद्धा पडला नाही."

"मग बल्बच उडाला असेल."

"आता तेवढंच राहिलंय."

त्याने बल्ब फडक्यात धरून काढला, उजेडाकडे नेला, चष्मा कपाळावर सरकवला. बल्ब इकडून तिकडे फिरवून तो पुन्हा पुन्हा बघत राहिला.

"काका, असेल ते सांगा. मला धीर देऊ नका."

"धीर कोण देतंय? इकडे या. आत दोन तारा आहेत. मागची फुल्लची, लांबच्या उजेडाची; पुढची डिपरची, जवळच्या. बंद दिव्याची तार गार असते. दणका बसला तर तशीच राहते, नाहीतर काडीसारखी मोडते. चालू दिव्याची तापून मऊ झालेली असते, ती ताणली जाते. विम्याच्या माणसाने दाखवलं होतं मला."

मागची तार ताठ होती. पुढची झोळीसारखी लोंबत होती.

"चालू होता, ताई. आपटेपर्यंत जळत होता. तुमचा बल्ब काही बेइमान झाला नाही."

ती तिथल्याच एका टायरवर बसली. पंधरा दिवसांनी तिला पोटभर श्वास घेता आला. भावाला आजच सांगायचं, जमलं तर हा बल्बच नेऊन दाखवायचा.

वायरमन मात्र अजून बल्बकडेच बघत होता.

"पण डिपरवर कसा?"

"म्हणजे?"

"अहो, घड्याळजी डिपर मारायचेच नाहीत. दोन वर्षं झाली. लोक शिव्या घालायचे, मीही तोंड वाजवायचो. तर म्हणायचे, फुल्ल काढला की माझी आंधळी कोशिंबीर होते, समोर राजा येवो नाहीतर कलेक्टर, मी कुणासाठी काढायचा नाही. आणि त्या दिवशी काढला. म्हणून ढीग दिसला नाही." त्याने बल्ब हलकेच फडक्यात गुंडाळला. "डिपरचा उजेड रस्त्याला चिकटून पडतो. चढापलीकडच्याला कसा दिसणार? फुल्ल असता तर अख्खा चढ उजळला असता. म्हणूनच तो जबाब देणारा म्हणतोय, तिरीप दिसली नाही. अरे, तुझ्याच डोळ्यांवर येऊ नये म्हणून काढला होता."

तिच्या मुठीत फ्यूज रुतत होता.

"दोन वर्षांत एकदाच," वायरमन म्हणाला. "असा कोण लागून गेला होता तो?"

दाराशी स्कूटर उभी होती, दिव्याचं तोंड आभाळाकडे करून.

"मी," ती म्हणाली.