तिसरी बॅटरी

पहिली बॅटरी पाठीवर बांधली, तर आमचा गुडघ्याएवढा रोबो मागे पडला. म्हटलं, जड झाली. दुसरी हलकी आणली, तर पुढे पडला. म्हटलं, जोर कमी पडला. आज तिसरी, अगदी बेताची. तरी पठ्ठ्याचं लोटांगण!

"वायर लावून वर्षभर तोऱ्यात चालायचा, आणि आता ही थेरं! याच्यासाठी बॅटरी आणू तरी कुठून?" मी स्क्रूड्रायव्हर आपटला.

बाबा वायर गुंडाळत होते. ती रोबोच्या पायात येऊ नये म्हणून वर धरायची आणि त्याच्या मागे मागे चालायचं, एवढंच वर्षभर त्यांचं काम.

"परत वायर लावून बघ ना," ते म्हणाले.

लावली. रोबो चालू लागला, बाबा मागे. उंबऱ्यापाशी तो जरा कलला. बाबांनी वायर हलकेच वर ओढली. तो सावरला आणि पुढे निघाला.

मी बघतच राहिले. "बाबा, तो कलला की दर वेळी तुम्ही असं ओढता?"

त्यांनी आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग काय, डोळ्यांदेखत पडू देऊ?"