मेकॅनिकचा गुलाब

अर्धांगाच्या झटक्याने बायकोचा उजवा हात लुळा पडला, वाचाही गेली. ट्रकची इंजिनं उघडण्यात हयात घालवलेला नवरा गॅरेज धाकट्या भावावर सोपवून घरी बसला. सकाळी तो तिच्या कुंड्यांना पाणी घालायचा, दुपारी तिच्या उशाशी बसून तिने अर्धवट सोडलेल्या चादरीवर भरतकाम करायचा. हात गुंतले की मनातली धास्ती कमी व्हायची. "दादा, आता बांगड्याही भर," भाऊ हसायचा. "बोल्ट कुणीही आवळेल, हा टाका घालून दाखव," तो ऐटीत म्हणायचा. तिसऱ्या महिन्यात कुंडीतला गुलाब समोर ठेवून त्याने चादरीवर गुलाब भरला आणि तिला दाखवला. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, ओठ थरथरले. "उसवा," ती म्हणाली. त्याने खिडकीतून साऱ्या गल्लीला ओरडून सांगितलं, "बोलली! माझ्या टाक्यांना नावं ठेवली हिने!" आणि डोळे पुसत अख्खा गुलाब उसवला.