ढगाची टोपी

कुणाला पटणार नाही, पण मी वेल्डिंगच्या गनला ढगाची टोपी घातलेली आहे. सोपानच्या ट्रॉलीचा सांधा तुटलेला, उद्या कांदा बाजारात न्यायचा, आणि तो माझ्या शेडमध्ये गाढ झोपलेला. बिनगॅसच्या वेल्डिंग वायरीला गनच्या तोंडावरची नळी, म्हणजे नॉझल, लागत नाही, म्हणून गन अडचणीच्या कोपऱ्यात शिरावी यासाठी मी ते काढलं. पण उघड्या तोंडावर वितळलेले थेंब चिकटले की गन गेलीच, आणि माझ्याकडे एकच. तेवढ्यात लेण्याद्रीच्या डोंगरावरून एक ढग उतरला, गाईसारखा दारात उभा राहिला. त्याचा चिमूटभर कापूस मी गनच्या तोंडावर बसवला. ठिणग्या त्यात काजव्यांसारख्या निजल्या, सांधा जुळला. सोपान खिसे चाचपत उठला, तेव्हा त्यालाही मी हेच सांगितलं. त्यानं गन उचलून हुंगली. “भागुजी, ढगाला तंबाखूचा लई वास येतोय राव. माझी चिलीम हाय ही. टोपी गनला घातलीस का मला?”