नव्या नवऱ्याचा शर्ट

कापडाच्या व्यापाऱ्याचा खून झाला, तेव्हा त्याच्याच दुकानात कापड बेतणाऱ्या कटिंग मास्टरने कोर्टात शपथेवर सांगितलं, "पळून जाणारा आमचा शिंपीच होता, मी पाहिलं." खरं तर त्याला नुसती एक पाठ दिसली होती. पण शिंप्याच्या बायकोवर त्याचा केव्हापासून डोळा होता.

शिंपी फासावर गेला. दोन वर्षांनी मास्टरने त्याच्या विधवेशी लग्न केलं.

तिने नव्या नवऱ्यासाठी शर्ट शिवला. मास्टर बुटका, अंगाने काटकुळा. शर्टाच्या बाह्या त्याच्या बोटांखाली लोंबायला लागल्या. शिंपी चांगला उंच, धिप्पाड होता.

"हे त्याचं माप आहे!"

"तुमचंच घेतलंय. तुमच्यादेखत."

पुढच्या वेळी मास्टरने स्वतः टेप लावली, स्वतः कापड बेतलं. तिने फक्त मशीन चालवली. शर्ट पुन्हा तेवढाच झाला.

"अजून तोच आहे ना तुझ्या मनात?" तो ओरडला आणि शर्ट टराटरा फाडला. मेलेल्या माणसावर जळून जळून त्याला जेवण जाईना. ती पुन्हा नवीन कापड काढायची.

पाचवा शर्टही तेवढाच झाला. तो त्याने भर दुपारी, तिच्यासमोरच घातला.

बाह्या मनगटावर थांबल्या. खांद्याची शिवण खांद्यावर बसली. छातीवर कापड ताणलं गेलं.

ती बटणं लावायला पुढे आली. आज तिला मान खूप वर करावी लागली.

लग्नानंतर ती पहिल्यांदाच हसली.

"किती उशीर केलास रे यायला!"