डावीकडची रेघ

वाळवंटातल्या त्या खवळत्या नदीत होडी घालायचा परवाना बापलेकींना सहा वर्षं वाट पाहून पुन्हा मिळाला होता. निघायला चार दिवस उरले आणि सुतार बापाचा पाय एका जागी ठरेना. मध्येच उठून दोर तपासायचा, पुन्हा नकाशावर वाट आखायला बसायचा. तिसऱ्या खळाळापाशी त्याची पेन्सिल डावीकडे वळली, तशी लेक नकाशावर वाकली. डावीकडे खडक होता. तो चुकवायला त्यानेच तिला शिकवलं होतं. “बाबा, उजवीकडून ना?” “मला शिकवतेस? परवाना लागत नव्हता तेव्हापासून वीसदा गेलोय तिथून!” तिने नकाशावरच्या खडकावर बोट ठेवलं. ते पाहून तो थबकला. पेन्सिल हळूच तिच्यापुढे सरकवत म्हणाला, “परवा घराचाही रस्ता चुकलो गं. तुला सांगितलं नाही. मला काठावरच ठेवायचं असेल, तर आत्ताच सांग.” तिने उजवीकडून रेघ ओढली. “सुकाणूला मी बसते. तुम्ही पुढे. मी ओरडेन तसं वल्हवायचं.”