तोडलेलं पाणी

विहिरीवरची मोटार चालू असल्याचा आवाज आरतीने बांधावरूनच ऐकला. मोसंबीच्या बागेचं पाणी तोडून आज तेहेतिसावा दिवस होता. संक्रांतीआधी बटणाला हात लावायचा नाही, असं घरात पक्कं ठरलेलं. नवरा बालाजी तर सकाळीच हिमायतनगरला गेला होता. मग मोटार लावली कुणी?

ती पळतच बागेत शिरली. पानं पिवळी पडून गुंडाळली होती, निम्मी गळून पायाखाली कुरकुरत होती. सगळी बाग मेल्यासारखी दिसत होती, आणि ती तशीच दिसायला हवी होती.

थंड मुलखात झाडांना बर्फ निजवतो म्हणे. इकडची थंडी पडली पाहुणी. चार दिवस राहते आणि पाचव्या दिवशी चालती होते. एकट्या तिच्या भरवशावर मोसंबी निजत नाही, तिला तहानेनेच निजवावं लागतं. महिना-सव्वा महिना थेंब द्यायचा नाही, पान गळू द्यायचं, मग नेमक्या दिवशी पाणी सोडायचं. म्हणजे फांदी न् फांदी फुलते. मध्येच कुणाला दया आली तर नुसता पाला फुटतो. फूल नाही, फळ नाही, वर्ष गेलं. हे सगळं आरतीला सासऱ्यानेच शिकवलं होतं.

आणि तोच सासरा, लिंबाजी, घोटाभर चिखलात उभा राहून फावड्याने पाटाचं पाणी एकेका झाडाच्या आळ्यात वळवत होता.

पहिल्या ओळीची अकरा झाडं पिऊन झाली होती. पाणी दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी आलं होतं. विहीर पार त्या टोकाला. तिथवर पळत जाऊन बटण दाबेपर्यंत आणखी दहा झाडं हातची गेली असती. आरतीने सासऱ्याच्या हातातलं फावडं हिसकलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण त्याच्यासमोर तिचा आवाजही कधी चढला नव्हता. पाटाचा नाल्याकडचा काठ तिने चार घावांत फोडला. पाणी वळलं आणि खळाखळा नाल्यात जाऊ लागलं. उन्हाळ्यात दोन घागरींसाठी टँकरमागे धावणारी बाई ती. आज तिनेच पाणी वाया घालवलं.

"ह्ये काय करून राहिलाव मामा?" ती ओरडलीच. "सात दिस ऱ्हायले हुते फकस्त!"

"पाणी देऊन राहिलो."

"तुमीच शिकवलं न्हवं मला? कितीबी जीव तुटू दे, पाणी सोडायचं न्हाई म्हनून?"

"हाव. म्याच शिकवलं." लिंबाजी खाली बघत म्हणाला. "चाळीस वर्सं म्याच तोडत आलो ह्यांचं पाणी."

आरतीला संताप आवरेना. बाग फुलली तरच पुढचं वर्षभर नांदेडच्या फेऱ्या होणार होत्या. लिंबाजीच्या किडन्या गेल्याला दीड वर्ष झालं होतं. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवायचं, आणि दिवसाला मोजून दोन पेले पाणी. जास्त प्यालं की छातीत पाणी भरतं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ही झाडं बुडवून म्हातारा स्वतःलाच बुडवायला निघाला होता!

तेवढ्यात तिच्या डोक्यात दुसरीच भीती शिरली. तिने झटकन त्याच्याकडे पाहिलं. हात कोपरापर्यंत भिजलेले, धोतर भिजलेलं, पायाशी झुळझुळ पाणी.

"मामा, खरं सांगा. पाणी पेलाव का?"

लिंबाजीने मान वर केली. ओठांना भेगा पडल्या होत्या, कडेला पांढरं पूट चढलं होतं. तोंडात ओलावा आणायला त्याला क्षणभर थांबावं लागलं.

"न्हाई, माय. माझं मोजून हाय."

सकाळी आरतीनेच पेला भरून दिला होता. त्यातलं अर्धं दुपारच्या गोळ्यांसाठी ठेवा म्हणून खडसावलंही होतं.

"मंग ह्ये कशापाई केलाव?" तिने विचारलं.

"रोज हितं येऊन बसतो. ही अशी उभी. बोलता येत न्हाई, मागता येत न्हाई. चाळीस वर्सांत मला ठावंच नव्हतं गं, ह्यांना काय हुतंय ते."

नाल्यात पाणी धो धो पडत होतं. म्हातारा त्या आवाजाकडे कान देऊन उभा होता. आरतीने फावडं तिथेच टाकलं आणि ती विहिरीकडे धावली. बटण दाबलं. मोटार घरघरत बंद पडली, तशी बाग एकदम गप्प झाली. परत येताना तिला रडू फुटलं. अकरा झाडांसाठी, की कुणासाठी, तिचं तिला उमगेना. बालाजीला काय सांगायचं तेही सुचेना.

ती आली तेव्हा लिंबाजी दुसऱ्या ओळीत गेला होता. पहिल्याच कोरड्या झाडाजवळ उभा राहून त्याने बुंध्यावर हात ठेवला होता. आरती मागे आल्याचं त्याला कळलं नाही.

"कळ काढ," तो झाडाला म्हणत होता. "सातच दिस. मंग तुला हाय."