ग्रीक पंडित आणि शिट्टी

"कला म्हणजे जगण्याची नक्कल, असं ग्रीक पंडित सांगून गेलेत. तुझं हे कॉम्प्युटरचं धाडधाड संगीत कुणाची नक्कल करतं रे, मिक्सरची?" तत्त्वज्ञान शिकवण्यात केस पिकलेल्या प्रमिलाताईंनी लेकाला भर नाट्यगृहात विचारलं.

"आई, आज ऐक. नाही पटलं तर हे सोडून बँकेत चिकटतो," म्हणत हेरंब स्टेजवर चढला.

असा ठोका सुरू झाला म्हणता, मिरजेतल्या म्हशींनी दावी तोडली! आणि त्यातून एकदम उठली बारीक शिट्टी. कुंईंऽऽ!

ताईंनी कान टवकारले. हे तर ह्यांच्या कानातलं ऐकायचं यंत्र! कुणी मिठी मारली की अस्संच केकाटायचं. पोरानं कधी टिपून ठेवलं होतं कोण जाणे. हे गेले तेव्हाही ताई रडल्या नव्हत्या. कलेतल्या दुःखानं मन धुऊन निघतं, हे जन्मभर वर्गात शिकवलं. आता स्वतःलाच हुंदका आवरेना.

डोळे मिटून, हवेलाच घट्ट मिठी मारून त्या ओरडल्या, "थांबवू नकोस रे!"

आजूबाजूच्या पोरांना वाटलं, नवी स्टेप! बघता बघता अख्खं नाट्यगृह हवेला कवटाळून नाचायला लागलं.